बादली

पाहुण्या संघाचा गोल झाला आणि तादेओ कारमोनाच्या छातीत काहीतरी गोड हललं.

गोल तसा फालतूच होता. गिरणीवाल्यांचा डावा बचावपटू ओल्या गवतावर घसरला, चेंडू आपल्याच गोलरक्षकाच्या पायांमधून निघाला आणि जावं की न जावं अशा चालीनं रेषेपलीकडे गेला. प्रेक्षकांच्या अख्ख्या पायऱ्यांतून एकच ‘हाय’ निघाली. तादेओनंही तोंड उघडलं होतं. पण आवाज फुटायच्या आत, उपाशी पोटी कॉफीचा पहिला घोट उतरावा तसं काहीतरी ऊन ऊन बरगड्यांखालून खाली उतरत गेलं. क्षणभरच. त्यानं तोंड मिटलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून आजूबाजूला नजर फिरवली. कोण पाहणार? जो तो डोकं धरून बसला होता. मग त्यानंही डोक्याला हात लावला. पण तो हात दुसऱ्या कुणाचा तरी, मागून आणलेला वाटला. पोटात वारा धरला असेल, त्यानं स्वतःला समजावलं. ओरिसाबाच्या या मैदानावर सिमेंटच्या पायऱ्या नव्हत्या, नुसत्या फळ्या होत्या, तेव्हापासून तो येत होता. गिरणीवाले खालच्या श्रेणीत घसरले त्या दिवशी घरी जाऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि त्याची बायको आंपारो म्हणाली होती, “तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या अकरा ढेंगाड्यांशी?” असा माणूस. त्याला आपल्याच गोलात चेंडू गेल्यावर बरं वाटावं? छे. वाराच असणार.

दोन पायऱ्या खाली सिप्रियानो ओल्वेरा बसला होता. त्याची टोपी कानांपर्यंत ओढलेली होती आणि टोपी नि कॉलर यांच्यामध्ये मानेची एक पट्टी तेवढी दिसत होती. जन्मभर ती मान तादेओच्या शेजारी असायची. खालून, मागून अशी ती त्याला माहीतच नव्हती. या हंगामात ती दोन पायऱ्या खाली गेली होती. गोलामागच्या टोळक्यानं आता बाकाच्या दिशेनं बोंब ठोकली, “नेस्तोर, घरी जा! नेस्तोर, आईकडे जा!” आणि मग, ज्याची सगळे वाट पाहत होते तेच आलं, “बादली आणा रे, बादली!” कुणीतरी खरोखरच निळी प्लास्टिकची बादली आणली होती. तिच्यावर ताल धरला गेला. हसू पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत आलं. सिप्रियानोच्या मानेची पट्टी लाल झाली. तादेओ त्या पट्टीकडे पाहत राहिला. आपलं बोट भाजलं की आपण ते पाहत राहतो तसा.

नेस्तोर ओल्वेरा म्हणजे सिप्रियानोचा मुलगा. गिरणीवाल्यांचा जुना कर्णधार आणि जूनपासून त्यांचा कोच. तादेओ त्याचा धर्मबाप, त्याच्या तोंडी ‘पाद्रीनो’. बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला हातावर घेणारा तोच, आणि त्या दिवसापासून तो आणि सिप्रियानो एकमेकांचे कोंपाद्रे झाले. त्याआधी एकाच गल्लीत चड्डीवर हुंदडलेले हे दोघे त्या दिवसापासून एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणू लागले, कारण ते नातं तसंच असतं. सख्ख्या भावापेक्षा वरचं आणि जरा घडीचं, इस्त्रीचं. तादेओला मूलबाळ झालं नाही. सिप्रियानोची गिरणीतली पाळी असायची, म्हणून पोराला सरावाला नेणं-आणणं तादेओकडेच होतं. पहिले बूट त्यानंच घेतले. ते दोन मापं मोठे होते आणि पुढे कापूस कोंबला होता. आणि पहिल्याच खऱ्या मॅचच्या आधी पोरगं कपडे बदलायच्या खोलीत पांढरंफटक पडलं, आणि तादेओनं फरशी पुसायची बादली पायानं ओढून त्याच्यापुढे धरली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कपाळ. ओलं, तापलेलं, चिमणीच्या पोटासारखं धडधडणारं कपाळ. “बाबांना सांगू नका, पाद्रीनो.” “नाही सांगत.” मग ते रोजचंच झालं. पुढे हे पोर पहिल्या संघात गेलं, कर्णधार झालं, दाढी आली, लग्न झालं, तरी प्रत्येक मॅचच्या आधी बादली होतीच. घरात कळलं तेव्हा आई, बाप आणि तादेओ अशा तिघांनी मिळून ते गुपित ठेवलं. तादेओच्या उजव्या तळहातात ते कपाळ अजून होतं. दुकानात किल्ली कापताना कधी कधी ते जाणवायचं.

आणि तरीही कोच झाल्याची बातमी त्याला एफ्रेनच्या टॅक्सीतल्या रेडिओवरून कळली. त्या सकाळी टॅक्सी देल्फिनाच्या टपरीपुढे उभी होती, दारं सताड उघडी, रेडिओ मोठा. देल्फिना तव्यावर गार्नाचे, मक्याच्या छोट्या भाकऱ्या, परतत होती. तिनं उलथनं हवेतच थांबवलं.

“कोच? आपला नेस्तोर? अरे, मे महिन्यापर्यंत तो लंगडत पळत होता! बूट तरी वाळलेत का त्याचे?”

“आपला माणूस आहे, देल्फिना,” एफ्रेन म्हणाला. “मागचा तो राजधानीतून आणलेला, काळा चष्मा, भिंतभर पदव्या. काय केलं त्यानं? आपल्याला तळाला नेऊन ठेवलं आणि स्वतः बसला परत मेक्सिको शहरात जाऊन. या पोराला निदान आपली नदी कुठून वाहते ते माहीत आहे.”

“नदी माहीत असून काय पाणी भरायचंय? उद्या तुझं पोट फाडायचं झालं तर सुरी आपल्या माणसाच्या हातात देशील? कर बाबा ऑपरेशन, तू आमच्याच आळीतला!”

“माझं पोट फाडायला तुझे गार्नाचे पुरेसे आहेत.”

“उधारी मागितली की पोट दुखतं याचं! तादेओ, तू बोल. तू त्याचा धर्मबाप. तुला तर आधीच ठाऊक असेल.”

“हो,” तादेओ म्हणाला. “होतं की.”

खोटं बोलून त्यानं गार्नाच्याचा तुकडा तोंडात टाकला. त्याला माहीत नव्हतं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तो घास गिळता गिळता मनातल्या मनात त्या घराची दारं वाजवत सुटला: बाप बोलला नाही, आई एलोइसा बोलली नाही, पोरगं बोललं नाही. मग त्यानं डोकं वापरलं. डोकं त्याचं चांगलंच होतं. तो म्हणाला की, हे संघाच्या मालकांचं काम आहे. त्यांना खेळाडू विकत घ्यायचे नाहीत आणि लोकांच्या शिव्याही खायच्या नाहीत, म्हणून लोकांच्या लाडक्याला पुढे उभं केलंय, ढाल म्हणून. चार मॅचेस हरला की यालाच खातील. हे पोर कोवळं आहे, त्याला कुणाला बाकावर बस म्हणून सांगता येत नाही, कर्णधार असताना सगळ्यांच्या चुका तो अंगावर घ्यायचा. “माया आहे म्हणून सांगतो,” तो म्हणाला, आणि तेव्हा ते खरं होतं. पुढे कितीदा तरी त्यानं तो क्षण आठवून पाहिला, आणि दर वेळी ते खरंच होतं.

एवढ्यात सिप्रियानो आला. त्याच्या अंगात रविवारचा सदरा आणि हातात दोऱ्यानं बांधलेला गोड पावांचा पुडा. चेहरा असा की त्याच्यावर कुणीतरी नुकताच कपडा फिरवलाय. आताच सुरी नि पोट काढणाऱ्या देल्फिनानं हात पुसले आणि त्याला मिठी मारली, “देव भलं करो तुमचं, सिप्रियानो! आमच्या गल्लीचं नाव काढलं पोरानं!” एफ्रेननं हॉर्न वाजवला. सिप्रियानो तादेओकडे वळला. “रात्री फोन आला होता त्याचा. तुम्ही झोपला असाल म्हणून, कोंपाद्रे…”

“मी कधी झोपतो त्या वेळी?”

“चुकलंच. मग? बोला की काहीतरी. तुमचं मत मला हवंय.”

मत सगळ्यांना हवं असतं, तादेओला वाटलं, अभिनंदनाच्या कागदात गुंडाळलेलं. त्यानं मालकांचं सांगितलं, ढालीचं सांगितलं. सिप्रियानो हसतच होता. पण ते हसू आता चेहऱ्यावर उगाच राहिलं होतं, पाहुणे गेल्यावर मांडून ठेवलेल्या खुर्च्यांसारखं. “शिकेल तो,” सिप्रियानो म्हणाला. “सगळेच शिकतात. धीर आहे त्याच्यात.”

“धीर?” तादेओ म्हणाला. आपला आवाज चढलाय हे त्याला ऐकू आलं, आणि तो चढलेला आवाज त्याला आवडला. “अरे, ओकतं ते पोरगं! प्रत्येक मॅचच्या आधी बादलीत ओकतं! मी धरलंय त्याचं कपाळ, तू नाही. आता काय करणार तो, बादली मांडीवर घेऊन बसणार बाकावर?”

मग एफ्रेनला हसू फुटलं. तो आधी नाकातून हसला, मग टॅक्सीच्या टपावर थापा मारत. देल्फिनानं पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते. सिप्रियानोनं पुड्याचा अर्धा सोडलेला दोरा पुन्हा बांधला, नीट, गाठ मारून. “हे तुम्ही बोलायला नको होतं,” एवढंच तो म्हणाला, ‘तुम्ही’ न सोडता, आणि आल्या वाटेनं गेला.

जिभेला हाड नसतं, पण टॅक्सीला चाकं असतात. एफ्रेनच्या टॅक्सीतून ती बादली गावभर फिरली. बिअरच्या कारखान्यात गेली, बाजारात गेली, शाळेच्या दारात गेली. पहिली मॅच बरोबरीत सुटली, तेव्हा ती कुणीकुणी पुटपुटत होतं. दुसरी हरली. तिसरी घरच्या मैदानावर हरली, आणि गोलामागून तो शब्द पहिल्यांदा एका सुरात आला. तादेओचा स्वतःचा शब्द, हजार तोंडांतून चावून परत आलेला. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आंपारोनं ताट वाढता वाढता विचारलं, “जिंकले वाटतं?” “हरले.” “मग तोंड का असं उजळलंय?” तो चिडला होता. म्हणाला, दिव्याचा उजेड पडला असेल. तिनं घेवड्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली आणि त्याच्याकडे पाहत राहिली, बाजारात फळ पाहतात तशी, दाबून न बघता. आणि आज, या बिनडोक गोलानंतर, बरगड्यांखाली ते ऊन उतरलं तेव्हा त्याला आंपारोची ती नजर कळली. आज पहिल्यांदा नव्हतं झालेलं. आज फक्त त्याला ते सापडलं होतं.

समोर मैदानाच्या कडेला नेस्तोर उभा होता. अंगावर कोट, कोट खांद्यात ढिला. दोन मापं मोठा. हात खिशात. हे पोर गुरुवारी तादेओच्या दुकानात आलं होतं. दुकान म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यातलं किल्ल्यांचं खोकं. एक माणूस आत, एक बाहेर, मध्ये फळी. नेस्तोर बाहेर उभा राहिला. डोळ्यांखाली काळं. “पाद्रीनो, तुम्ही सगळ्या मॅचेस पाहता. तुम्हाला काय दिसतं? डाव्या बाजूनं पाणी गळतंय माझं. मी तीनदा बदल केले.” तादेओला दिसत होतं; पायऱ्यांवरच्या कुणालाही दिसलं असतं. आताचा कर्णधार दमला होता. तो नेस्तोरचा जुना मित्र, त्याच्या पोरीचा धर्मबाप. चेंडू गेला की तो माघारी पळत नव्हता, आणि त्याच्या मागचा कोवळा बचावपटू उघडा पडत होता. त्याला बाकावर बसवायला हवं होतं. एका वाक्याचं काम. तादेओनं यंत्र चालू केलं आणि एका किल्लीचे दात घासायला घेतले, जिला घासायची काही गरज नव्हती. “मला काय कळतं रे बाबा,” तो म्हणाला. “मी कुलपं उघडणारा माणूस. कोच तू आहेस.” पोरगं फळीवर हात टेकून उभं राहिलं. पितळेचा भुगा फळीवर पडत होता. मग ते म्हणालं, “लोकांना ते बादलीचं कसं कळलं, कुणास ठाऊक. घरच्यांशिवाय फक्त तुम्हाला माहीत होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, जुन्या संघातल्या कुणीतरी सांगितलं असेल.” यंत्र फिरत होतं. तादेओनं वर पाहिलं नाही. “असेल,” तो म्हणाला. “जुने लोक फार बोलतात.”

मध्यंतराला एफ्रेन पायऱ्या चढत वर आला, हातात बिअर, मागे दोन अनोळखी माणसं. “हा बघा!” त्यानं तादेओच्या पाठीवर थाप मारली. “हा पहिल्या दिवशी म्हणाला होता. सगळ्यांच्या आधी! मी वेडा, मी म्हणत होतो आपला माणूस, आपला माणूस. आणि बादलीचं कुणी सांगितलं? यानंच! सख्खा धर्मबाप आहे त्याचा!” अनोळखी माणसांनी कौतुकानं हात पुढे केले. तादेओनं ते हातात घेतले. दोन पायऱ्या खाली ती मान हलली नाही. मान ऐकते की नाही हे मागून कळत नाही. एफ्रेन बोलत होता, आज हरले की हाकलतील, सोमवारी नवा कोच, अनुभवी माणूस. तादेओ मान डोलावत होता आणि मनात बोटांनी चाचपून पाहत होता: आपल्याला हे हवं आहे? तर हो. हवं होतं. ते पोर कोट काढून घरी जावं, आणि कुणीतरी म्हणावं, तादेओ म्हणाला होता. नंतर त्यानं त्या पोराला जवळही घेतलं असतं, कपाळावर हातही ठेवला असता. आधी मात्र त्यानं पडायला हवं होतं.

उत्तरार्ध सुरू झाला आणि टोळक्यानं ती निळी बादली कुंपणावरून आत भिरकावली. ती धावपट्टीवर आपटत, घरंगळत बाकापाशी येऊन थांबली. शिपाई पुढे झाला, पण नेस्तोरनं हातानं त्याला मागे सारलं. वाकून त्यानं बादली उचलली आणि बाकाच्या टोकाशी सरळ करून ठेवली, घरात ठेवतात तशी. पायऱ्यांवर खसखस पिकली. मग नेस्तोर बाकाकडे वळला आणि त्यानं एका राखीव पोराच्या खांद्यावर हात ठेवला. पंचांनी पाटी वर केली. पाटीवर कर्णधाराचा आकडा होता. कर्णधार मैदानाच्या मधोमध उभाच राहिला. त्याला खरं वाटेना. मग तो चालत आला, सावकाश, आणि नेस्तोरच्या समोरून जाताना त्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. नेस्तोर तो गेल्यावर क्षणभर तसाच उभा राहिला. मग दोन पावलं मागे आला, गुडघ्यांवर बसला, आणि साऱ्या गावासमोर बादलीत ओकला.

इतकी शांतता त्या मैदानानं कधी पाहिली नसेल. डोंगरावरच्या कुठल्या तरी कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. नेस्तोरनं बाहीनं तोंड पुसलं, उठला, आणि डावीकडे बोट दाखवत ओरडू लागला, “मागे! मागे ये! आता जा!” आवाज फाटका होता, पण होता. तादेओचा उजवा हात मांडीवर उलटा पडला होता, तळवा वर. त्यानं तो मिटला.

गिरणीवाल्यांचा पहिला गोल डावीकडूनच झाला. नव्या पोरानं चेंडू आत दिला आणि कुणाच्या तरी गुडघ्याला लागून तो जाळ्यात गेला. लोक उठले. तादेओही उठला, कारण बसून राहिलेलं दिसतं. दुसरा गोल अगदी शेवटी शेवटी झाला, कॉर्नरवरून, डोक्यानं, आणि तो पाहायला तादेओला पुढच्यांच्या खांद्यांमधून वाकावं लागलं. चेंडू आत गेलेला दिसला, आणि तादेओच्या आतून काहीतरी सुटून खाली खाली गेलं. पाकीट मारल्याचं कळल्यावर माणूस खिसा चाचपतो, तसं त्याचं मन जागोजागी चाचपत सुटलं. आजूबाजूला माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. बिअर उडत होती. गोलामागच्या टोळक्यानं पुन्हा ‘बादली, बादली’ सुरू केलं, तोच शब्द, तोच ताल, पण आता त्यात लाड होता. माय लेकराला टोपणनाव ठेवते तसा. एफ्रेन कुठून तरी ओरडत होता, “मी म्हणत होतो! पहिल्या दिवसापासून म्हणत होतो! आपला माणूस!” तादेओनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत होत्या. आणि मग त्याची नजर खाली गेली. दोन पायऱ्या खाली साऱ्या गर्दीत एकच माणूस मैदानाकडे पाठ करून उभा होता. सिप्रियानोची टोपी हातात होती, केस घामानं कपाळाला चिकटले होते, आणि तो तादेओकडे पाहत होता. किती वेळ पाहत होता, कुणास ठाऊक.

शिट्टी झाली. लोक कुंपणाकडे धावले. सिप्रियानो मात्र वर चढून आला आणि तादेओच्या शेजारी, आपल्या जुन्या जागेवर, मधे थोडं अंतर सोडून बसला. त्याला धाप लागली होती.

“दुसरा गोल कसा झाला?” त्यानं विचारलं. “मी पाहिला नाही.”

“डोक्यानं,” तादेओ म्हणाला. “कॉर्नरवरून.”

“छान झाला?”

“छान झाला.”

“तुम्हाला वाईट वाटलं, कोंपाद्रे.”

तादेओनं बोलायला तोंड उघडलं. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, जन्मभराची सवय पाठीशी होती. पण सिप्रियानो त्याच्याकडे रागानं पाहत नव्हता. म्हाताऱ्या डॉक्टरसारखा पाहत होता. “हो,” तादेओ म्हणाला.

सिप्रियानोनं मान हलवली. टोपी झटकली, डोक्यावर घातली. “मी त्याला सांगितलं नाही, तुम्ही बोललात ते. सांगणारही नाही. त्याचे धर्मबाप तुम्ही आहात, ते काही कुणाला बदलता येत नाही. पण घरी येऊ नका. एलोइसालाही मी सांगेन, काहीतरी कारण सांगेन.” तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. “मला राग नाही. राग असता तर मी जूनमध्येच दोन दिले असते ठेवून.”

खाली मैदानात नेस्तोर माणसांच्या घोळक्यातून बाहेर आला. कोट कुणीतरी ओढून काढला होता, सदरा बाहेर आला होता. त्यानं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि पायऱ्यांवर शोधू लागला. लहानपणापासून जिथे पाहायची सवय होती, तिथेच. त्याला ते दोघे एकत्र दिसले. त्याचा चेहरा इतक्या लांबूनही उजळलेला कळला. त्यानं दोन्ही हात वर केले.

सिप्रियानोनं आपला हात वर केला. तादेओ बसूनच होता.

“हात वर करा,” सिप्रियानो त्याच्याकडे न बघता म्हणाला. “पोरगं बघतंय.”

तादेओनं हात वर केला.

“हलवा.”

त्यानं हलवला. खाली नेस्तोर हसला, छातीवर मूठ ठेवली, आणि माणसांनी त्याला पुन्हा आत ओढलं. सिप्रियानो पायऱ्या उतरू लागला, एकेक, कठड्याला धरून, आणि नेहमीच्या दारानं न जाता पलीकडच्या दारानं बाहेर पडला. तादेओ हात वर करून बसूनच होता. पोरगं पुन्हा वळून पाहील असं त्याला वाटत होतं, आणि पाहीलच अशी भीतीही.